व्याह्यांनी शोधलेला जलतरंगवाला

वाघोडियाचा एक जलतरंगवादक आणि नंदेसरीच्या कारखान्यातल्या पोरांचा रॉक बँड, यांची शिफारस मी बडोद्यात घरोघर करत आलो. मुलीच्या लग्नात व्याही म्हणाले, "नाव कधी ऐकलं नाही हो. डीजेच ठेवा." मी आवाज चढवला, घासाघीस केली आणि ठरवून घेतलं: वरातीला त्यांचा डीजे, पंगतीला माझा जलतरंग. पंगतीत व्याही श्रीखंड सोडून उष्ट्या हातानं वादकासमोर जाऊन बसले.

परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर ते पाहुण्यांना गुजरातीत सांगत होते की हा कलाकार त्यांनीच शोधला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही ऐका कधीतरी."

"जरूर. तुमच्यासारखा कान कुठला आम्हाला!"

आता त्यांच्या धाकट्याचं लग्न आहे. रॉक बँडचं नाव मी काढणार नाही. शोधू देत स्वतः.