सुईताई आणि मधली फळी

मला कुठलीही गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही. हा माझा जुना आजार आहे आणि त्यावर लस निघालेली नाही. गावच्या शाळेत मास्तरांनी 'पाण्याचे उपयोग' विचारले, तेव्हा मी आमच्या विहिरीत पडलेल्या बादलीपासून सुरुवात केली. बादली निम्म्यावर आली आणि घंटा झाली. मास्तर म्हणाले, "हा एक तर वकील होईल, नाहीतर जन्मभर बायकोची बोलणी खाईल." वकील मी झालो नाही. आमच्या गल्लीतलं एक कुत्रं झालं. ते पुढे येईल.

तर सांगायचंय सुईताईंबद्दल.

सुईताई जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहेत. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि सुया टोचायच्या. उंची बेताची, चष्म्याला दोरी, पायात रबरी चपला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चाव्यांच्या खुणा, आणि प्रत्येक खूण कुणाची ते त्यांना पाठ. "हे पोलिसांचं. हे शाळेच्या शिपायाचं, बिचारं आंधळं होतं." त्यांचे यजमान शिंपी. ते सगळ्यांना सांगतात, "आमचं घर दोन सुयांवर चालतं. माझी सुई मात्र कुणाला चावत नाही."

ताईंची एक खास रीत आहे. माणसांशी त्या सरळ बोलतात, डॉक्टरांनासुद्धा तोंडावर सुनावतात. कुत्र्यांना मात्र अहो-जाहो. "या, बसा. थोडं टोचेल हं. झालं, झालं, रागावू नका." मी एकदा विचारलं, "ताई, हा मान कुत्र्यांनाच का?"

"जो चावू शकतो त्याच्याशी अदबीनं बोलावं, काका."

आमची ही तेव्हापासून म्हणते, "बघा, मी तुम्हाला अहो म्हणते त्यावर जाऊ नका."

ताईंची आणि माझी ओळख झाली ती काळ्यामुळे. काळ्या माझा लहानपणचा कुत्रा. मी तिसरीत असताना त्याला ताप आला, नाकाडोळ्यांतून घाण वाहायला लागली, मग जबडा आपोआप चघळल्यासारखा हलायचा, पाय झटके द्यायचे. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं काहीतरी खाल्लं. मी त्याला माझ्या दप्तरावर झोपवायचो. पाचव्या दिवशी गेला. साठ वर्षं मी ही गोष्ट प्रत्येकाला सांगितली आणि प्रत्येकानं "अरेरे" म्हणून विषय बदलला. ताईंनी एकट्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "डिस्टेंपर. पिल्लू असताना तीन सुया मिळाल्या असत्या तर बहुतेक वाचला असता."

साठ वर्षांच्या गोष्टीचा शेवट त्यांनी एका वाक्यात केला. असा माणूस मला फार आवडतो. मला स्वतःला ते जमत नाही ना.

आमची गल्ली म्हणजे ताईंचं चौदा वर्षांचं दुखणं. इथे कुत्री भरपूर आणि सुई घ्यायला कुणी तयार नाही. दूधवाला सगळ्यांचा पुढारी. त्याचं कुत्रं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच भुंकतं म्हणून त्याला सगळे 'वकील' म्हणतात. दूधवाल्याचं म्हणणं, "सुई टोचली की कुत्रं मंद होतं." पण यंदा मागच्या गल्लीत पार्वो शिरला. रक्ताचे जुलाब होऊन तीन पिल्लं दोन दिवसांत गेली, आणि आमची गल्ली एकदम शहाणी झाली. माझी नात नुकतंच एक पिल्लू घेऊन आली होती, मूठभर, कानच जास्त. तिनं तर ताईंच्या मागे टुमणंच लावलं.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या अंगणात शिबिर ठरलं. ताईंच्या निवृत्तीला चार महिने उरलेले. "ही एक गल्ली झाली की मी सुटले," त्या म्हणाल्या.

नेमका शनिवारी दवाखान्याचा फ्रिज बंद पडला. ताई दुपारी बारा वाजता लशीचा डबा घेऊन आमच्या दारात. चार मोठ्या बाटल्या रेबीजच्या, बारा छोट्या पिल्लांसाठी, पार्वो-डिस्टेंपर वगैरेंच्या. एक थर्मामीटरही दिला.

"काका, मधल्या फळीवर ठेवा. दारात नको, आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको. गोठलं की औषध मेलं."

डब्यावर चिठ्ठीही होती: मधली फळी. गोठवू नये. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. वाचनात गावच्या शाळेत माझा पहिला नंबर होता. समजण्याची वेगळी परीक्षा नव्हती.

दोन वाजता गल्लीची वीज गेली. आता कुठलाही साधा माणूस फ्रिजचं दार बंद ठेवून गप्प बसला असता. पण मी विचार करणारा माणूस. फ्रिज तापेल, औषध तापेल, कुत्री मरतील, ताई रडतील, हे सगळं मला पाच मिनिटांत दिसलं. आणि वरच्या कप्प्यात तर बर्फाचा डोंगर! मी सोळाही बाटल्या उचलून बर्फात बसवल्या. थोडाच वेळ, वीज येईपर्यंत. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की थर्मामीटर खाली मधल्या फळीवरच राहिला.

साडेतीनला वायरमननं वीज सुरू केली. बाटल्या लगेच खाली काढायच्या होत्या. पण वायरमन दारात पाणी प्यायला थांबला, आणि त्यानं सहज विचारलं, "आजोबा, तुमच्या लहानपणी गावात वीज होती का?"

असं मला कुणी विचारू नये.

साडेपाचला तो हत्यारांचा पेटारा उचलून अक्षरशः पळाला. मी समाधानानं आत आलो, जेवलो, झोपलो. बाटल्या माझ्या डोक्यातून साफ उतरल्या होत्या.

सकाळी सहाला दुधासाठी फ्रिज उघडला. मधली फळी रिकामी. वरचा कप्पा उघडला. सोळाच्या सोळा टणक.

मी काय केलं? सांगायला लाज वाटते, पण लाजेखातर गोष्ट अर्धी सोडायची माझी सवय नाही. बाटल्या खिडकीतल्या उन्हात मांडल्या, वितळल्या, धोतरानं पुसल्या आणि शहाण्यासारख्या मधल्या फळीवर ठेवल्या. ही मागे उभी.

"काय चाललंय?"

"काही नाही. पुसतोय."

"उभ्या जन्मात ताट नाही पुसलंत."

साडेसातला ताई आल्या. थर्मामीटर पाहिला, पाच अंशांवर, हवा तसा. तो बिचारा जागचा हलला नव्हता, त्याच्यावर कसला आळ? "काका, जिवावरचं ओझं उतरवलंत हो," त्या म्हणाल्या. मी नुसतं हसलो.

वाचनालयाच्या अंगणात एकतीस कुत्री. दोऱ्या, साखळ्या, एक तर जुन्या पडद्याच्या दोरीनं बांधलेलं. एका बाजूला नात, पिल्लू टॉवेलात. पहिला नंबर दूधवाल्याचा, कारण त्याला हे लवकर उरकून "बघा, मंद झालं" असं म्हणायचं होतं. गर्दीत ढकलाढकली. ताईंनी वकिलाला नमस्कार केला, बाटली हलवली, सुईत औषध भरलं.

मला वकिलाच्या जागी काळ्या दिसायला लागला. दप्तरावर झोपलेला. ही सगळी कुत्री आता सुई टोचून घेऊन घरी जाणार, मालक निर्धास्त होणार, आणि आत नुसतं पाणी. उद्या त्यातलं एक पिसाळलं, एखादं पिल्लू पार्वोनं गेलं, की सगळे म्हणणार, बाईंच्या सुईत काही नव्हतं.

"ताई," मी म्हणालो, "आमच्या गावी एकदा काय झालं..."

"काका, गोष्ट नंतर. यांचं डोकं धरा."

"नाही, ऐका ना. शेजारी एक म्हातारी होती, तिनं दुधाचं भांडं..." वकिलानं डोळे मिटून जांभई दिली.

"काका!"

"ताई, पहिली सुई काकांनाच द्या," दूधवाला म्हणाला. "जिभेत."

सगळं अंगण हसलं. सुई वकिलाच्या मानेजवळ गेली. आणि मी ओरडलो, "ताई, मी त्या बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या!"

हिनं नंतर मोजले. आठ शब्द. लग्नानंतरची माझी सर्वांत छोटी गोष्ट.

ताईंनी सुई मागे घेतली, टोपण लावलं. बाटली उजेडात धरली. आत कण खाली बसत होते, फुटलेल्या दुधासारखे. "मी आधीच नीट बघायला हवं होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग सगळ्यांकडे वळल्या. "आज सुया नाहीत. औषध खराब झालंय. माझ्या ताब्यातलं होतं, चूक माझी."

"त्यांची कशी? माझी!" मी म्हणालो.

दूधवाला उसळला. "म्हणजे आमच्या कुत्र्यांना पाणी टोचणार होता?"

"पाणी टोचलं असतं तर तुम्हाला कधी कळलंही नसतं," ताई शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच थांबले. पुढच्या रविवारी या."

"आता कोण येतंय!" असं म्हणत तो वकिलाला ओढत निघाला आणि त्याच्यामागे एकेक दोरी निघाली. नात माझ्याजवळ आली. "आजोबा, मग माझ्या पिल्लाचं काय?" ताईंनीच तिला सांगितलं, "आठवडाभर घराबाहेर काढू नकोस, जमिनीवर सोडू नकोस. दुसऱ्या कुत्र्याला हात लावलास तर आधी हात धू."

ताई डबा आवरायला लागल्या. मला वाटलं आता बोलतील. बोलल्या, पण रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "नवी लस मी शनिवारपर्यंत आणीन. डॉक्टरांची बोलणी खाईन, ती पचतात मला. पण चौदा वर्षांनी ही गल्ली बाहेर आली होती, काका. परत येईल का?"

सोमवारपासून मी घरोघर फिरलो. नात दारात उभी राहून विचारायची, "आज किती हो म्हणाले?" आणि लगेच आत जाऊन पिल्लू दूध प्यायलं का ते बघायची. तिचा चेहरा पाहिला की मी पुढचं दार गाठायचो. प्रत्येक दारात मी माझा मूर्खपणा सुरुवातीपासून सांगितला, वायरमनसकट. लोक आधी दार अर्धं उघडायचे, मग हसायचे, मग खुर्ची द्यायचे. जन्मभर ज्या बडबडीनं घरच्यांचं डोकं खाल्लं, ती पहिल्यांदा कुठेतरी उपयोगाला आली. शेवटी एकच सांगायचो, "ताईंना तुमची फसवणूक करायची असती तर सोपं होतं. त्यांनी सुई मागे घेतली." दूधवाल्याकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यानं म्हशीच्या आड लपून "घरी नाही" असं स्वतःच सांगितलं.

शनिवारी नवी लस आली. दवाखान्याचा फ्रिज अजून तसाच. ताई परत आमच्याच दारात! मी हात पुढे केले. त्यांनी डबा माझ्या हातांवरून हिच्याकडे दिला. "काकू, तुम्ही." हिनं फ्रिजसमोर खुर्ची टाकली आणि विणकाम घेऊन बसली. मला तहान लागली तर नळावर पाठवलं.

रविवारी कुत्री मोजली. चौतीस. तीन जास्त. ही म्हणते, ती नुसती मला बघायला आली होती. येऊ देत. सगळ्यात शेवटी दूधवाला.

"आलात?" ताई म्हणाल्या.

"काका तीनदा येऊन गेले. चौथ्यांदा ऐकण्यापेक्षा सुई बरी."

पिल्लांना आधी घेतलं. माझ्या नातीचं पिल्लू ओरडलंसुद्धा नाही, नातच ओरडली. मग मोठ्यांची पाळी. ताईंनी मला डोकी धरायला बसवलं आणि म्हणाल्या, "काका, आता सांगा गोष्ट. हळू आवाजात."

"खरंच?"

"कुत्री ऐकतात तुमचं. तुम्ही बोलायला लागलात की त्यांचे डोळे मिटतात. मागच्या रविवारी पाहिलं मी."

मग मी विहिरीतल्या बादलीपासून सुरुवात केली. एकेक कुत्रं यायचं, माझ्या मांडीवर हनुवटी टेकायचं, जांभई द्यायचं, आणि ताई मानेची कातडी चिमटीत धरून काम उरकायच्या. घंटा वाजली नाही, मास्तर नव्हते. शेवटी वकील आला, दोन्ही बाजूंना भुंकला, आणि दोर निम्मा वर येईपर्यंत घोरायला लागला. सुई कधी गेली त्याला कळलंच नाही.

"बघा, मंद झालं," दूधवाला म्हणाला.

"टोचायच्या आधीच घोरत होते हे," ताई रिकामी सुई दाखवत म्हणाल्या. "हे काकांमुळे."

बादली वर आली होती. साठ वर्षांनी.

"झालं, काका," ताई डबा बंद करत म्हणाल्या.

"अहो, पाण्याचे उपयोग राहिले!"

"ते तीन आठवड्यांनी. पिल्लांची दुसरी सुई आहे."