बंद ठेवलेली तपासणी

हे बायकोला सांगितलेलं नाही. तुळजापूरला देवीपुढं उभा राहिलो, तिथंही तोंड उघडलं नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाच कळत नाही.

मी तामलवाडीचा. पुण्यात एका कंपनीत दवाखान्यातल्या मॉनिटरचं सॉफ्टवेअर करतो. पेशंटच्या उशाशी नाडी न् ऑक्सिजनचे आकडे दाखवतो ना, तो. त्यातला कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्राचा कारभार बघणारा प्रोग्राम, माझ्याकडं. बाकीचे प्रोग्राम त्याला मेमरीतला पत्ता देतात — आकडा इथं लिही म्हणून. तो पत्ता त्या प्रोग्रामच्या हद्दीतला आहे का, हे कर्नलनं आधी बघायचं; हीच तपासणी. न बघता लिहिलं, तर तो स्वतःचीच मेमरी बिघडवून बसतो.

आकडे दाखवणारा प्रोग्राम सुनंदाचा. नळदुर्गची. मीच तिला कामाला लावलं होतं. तिचे वडील म्हणाले होते, तुम्ही हाय म्हणून पाठवतोय.

एकदा माझी चाचणी अडली. चाचणीचा कोड मी कर्नलच्या आतच लिहिलेला, त्यामुळं पत्तेही कर्नलचे, आणि तपासणी ते नाकारायची. बरोबरच होतं तिचं. पण मला घाई. तपासणी बंद केली — उद्या चालू करू म्हटलं. केली का? न्हाय. विसरलो, आणि मॉनिटर तसेच दवाखान्यांत गेले.

मग सुनंदाच्या प्रोग्रामनं एकदा चुकीचा पत्ता दिला. असं कुणाकडूनही होतं. तपासणी असते कशासाठी? ती असती तर तेवढा प्रोग्राम बंद पडला असता, अलार्म वाजला असता. इथं सगळं यंत्रच हँग झालं, पडद्यावर मघाचाच चांगला आकडा. खाटेवरचे म्हातारबाबा गेले, नर्सला कळलंसुद्धा नाही.

चौकशीत सुनंदाच्या प्रोग्राममधली चुकीचा पत्ता देणारी ओळ सापडली. कर्नल बघायचं काम माझ्यावरच सोपवलं — आणि मी काय केलं? तपासणी गुपचूप चालू केली, कर्नल ठीक आहे म्हणून सांगितलं. लई भ्यालो होतो. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, दुसरं काय?

तिची नोकरी गेली. आता भावाच्या धाब्यावर भाकरी थापते, कॉम्प्युटरला हात लावत नाही. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा तिनं विचारलं, "दादा, खरं सांगा. माझ्यामुळंच गेले न्हवं ते बाबा?"

मी व्हय म्हणालो.

तिनं डोळे पुसले. "बाकीचे नुसती समजूत घालतात. तुम्ही तरी खरं बोललात."

मग तिनं ताट वाढलं. मी पोटभर जेवलो.