लूमवाल्यांची भाषा कॉलेजात

भिवंडीतल्या नारपोलीत आमच्या घराखालीच बाबांचे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग होते. ते चालू असले की माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचत नसे. म्हणून घरात आम्ही ओरडून बोलायचो, नाहीतर हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून. एफवाय बीकॉमच्या पहिल्या दिवशी हजेरीला मी "प्रेझेंट सर" म्हटलं आणि पुढच्या बाकावरच्या मुली दचकल्या. अकाउंट्सचे सर शांतपणे म्हणाले, "मी इथेच आहे, बाळा." वर्ग हसला, मीही हसले. तेव्हा मला कशाचंही हसू यायचं. युनिफॉर्म नाही, डबा खाल्लास का म्हणून विचारणारं कुणी नाही, हे सगळं डोक्यात चढलं होतं.

अडचण एकच, अभ्यास होत नव्हता. माझी शाळा मराठी, इथे सगळं इंग्रजीत. लायब्ररीत गेलं तर त्या शांततेत सरळ झोप लागायची. माझ्या शेजारी बसणारी मुलगी गणेशपुरीहून एसटीने येई. तिच्या घरी भातशेती, तिला भिवंडीचाच गोंगाट सोसत नव्हता. तरी मी तिला एकदा अभ्यासाला घरी नेलं. जिना चढतानाच तिने कान झाकले. आईने चहा घेणार का ते नुसत्या ओठांनी विचारलं. तिने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "तुझ्या आयेला बोलता येत न्हाय का?" मी इतकी हसले की चहा नाकात गेला. आईला सांगितलं तर तीही भिंतीला टेकून हसत राहिली, आणि मग तिने मैत्रिणीला आमच्या खुणा शिकवल्या. चहा, जेवण, शेठ आला. दोन बोटं जुळवून झटकन वेगळी केली की धागा तुटला.

दुसऱ्या दिवसापासून आमचं वर्गातही सुरू झालं. खिदळतो म्हणून सरांनी आम्हाला वर्गाच्या दोन टोकांना बसवलं, तर उलट सोय झाली. डेप्रिसिएशनच्या तासाला मला काही कळेना. मी तिला खूण केली, धागा तुटला. तिनेही तीच खूण केली, दोन्ही हातांनी. तेवढ्यात सर फळ्याकडून वळले. खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांनी त्यांनी तीच खूण केली आणि भुवया उंचावल्या, म्हणजे कुठे तुटला?

माझं तोंड उघडंच राहिलं. सर म्हणाले, "माझे वडील तीस वर्षं लूमवर होते. बोल."

"पहिल्या ओळीलाच, सर," मी म्हटलं.

त्यांनी फळा पुसला. नवा लूम घेतला, तो रोज चालतो, रोज थोडा झिजतो, मग वर्षाच्या शेवटी त्याची किंमत तीच कशी राहील, असं मराठीत पहिल्यापासून सांगितलं. मला ते इतकं लख्ख कळलं की हसूच फुटलं. पुढे आठवडाभरात अर्धा वर्ग ती खूण शिकला. सरांच्या तासाला कुणाची ना कुणाची बोटं वर असायचीच, आणि सर मागे जाऊन पुन्हा सांगायचे.

पहिल्या सेमिस्टरला आम्ही दोघी पास झालो. अकाउंट्सला ती माझ्या बरीच पुढे होती, म्हणून मी तिच्याकडे पार्टी मागितली. स्टँडवर उभ्याउभ्या भजीपाव खाताना बोलण्याच्या नादात तिची एसटी समोरून निघून गेली. मला वाटलं आता ही रडणार.

"जाऊ दे," ती पाव चावत म्हणाली, "दुसरी हाय."