न घासलेला सांधा

दाजींच्या हातून ती बोट बिघडली नव्हती. माझ्यामुळे बिघडली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या दाजींना तर नाहीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी कारखान्यातली कायमची नोकरी सोडली आणि सातपूरला भाड्याच्या शेडमध्ये फायबरग्लासचं काम सुरू केलं. मी त्यांच्या हाताखाली. रिक्षाचे टप, पाण्याच्या टाक्या, खुर्च्यांच्या बैठका, मिळेल ते काम आम्ही करायचो. दाजींना मात्र बोटी करायच्या होत्या. वणीकडच्या कोरड्या गावातला माणूस, पोहता येत नव्हतं, आणि वेड बोटींचं. ताई म्हणायची, "ह्यांना विहिरीत उतरायची भीती, आणि निघालेत बोटी करायला!"

अशात मुंबईचा एक हौशी माणूस शेडवर आला. गंगापूर धरणाच्या बाजूला त्याचं घर होतं. त्याने बाहेरच्या देशातून पाण्यावरची स्कूटर आणली होती. तीही उभ्याने चालवायची. समोरचा दांडा धरून आधी गुडघ्यावर बसायचं आणि वेग आला की उभं राहायचं. खडकावर आपटून तिचं अंग तडकलं होतं. त्याला इंजिन तेच ठेवून नवीन अंग हवं होतं, जुन्यापेक्षा हलकं आणि जुन्यापेक्षा टिकाऊ. "हे जमलं तर माझ्या मित्रांच्या बोटीही तुमच्याकडेच," तो म्हणाला. तो गेल्यावर दाजी कितीतरी वेळ त्या तडकलेल्या नाकावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "हे जमलं तर आपण बोटवाले. नाय जमलं तर परत ड्युटीचा भोंगा."

जुन्या अंगावरून आम्ही साचा काढला. वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग वेगवेगळे घडवले. या कामात वजन वाढतं ते रेझिनने, म्हणजे पातळ राळेने, आणि ताकद येते काचेच्या धाग्यांच्या मॅटमधून. रेझिन जास्त झालं की बोट जड होते, कमी पडलं की मॅट कोरडी राहते. दाजी रोलरने एकेक थर असा दाबत की एक थेंब जादा राहू नये. रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर घालतात. त्याचं माप हवेवर असतं, थंडीत थोडं जास्त लागतं. दाजी ते नजरेने घालत. बाटली तिरपी केली, धार पडली, झालं. आजूबाजूच्या शेडमधली माणसं विचारायला यायची, "आज किती टाकू?" दाजी हवेत हात धरून सांगायचे, आणि ते बरोबर निघायचं. त्या हातावरच तर त्यांनी नोकरी सोडली होती.

दोन्ही भाग जुळवल्यावर सांध्यावर आतून मॅटची पट्टी चढवायची होती. वाळलेलं रेझिन आरशासारखं गुळगुळीत असतं. त्यावर नवीन थर चिकटल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून चमक घालवावी लागते. हे काम माझं. बोटीच्या नाकापर्यंत पोचायला इंजिन बसवायला ठेवलेल्या खिडकीतून खांद्यापर्यंत हात आत घालावा लागे, डोकंही घालावं लागे. काचेची भुकटी मानेवर पडे, आणि मग दोन दोन दिवस खाज.

आणि दुसऱ्या दिवशी मला मुलगी बघायला वणीला जायचं होतं. स्थळ दाजींनीच आणलेलं. ते हसत म्हणाले होते, "मेहुणे, तिथं पोहे खाता खाता माकडासारखं खाजवत बसू नका. माझी अब्रू जाईल."

मी खिडकीजवळचा भाग नीट घासला. डोकं आत न घालता हात पोचेल तिथवर पुढेही घासलं. नाकात मात्र पेपर नेलाच नाही. थिनरचा बोळा काठीला बांधून नुसता फिरवला.

सकाळी दाजी आले. हवा गारठलेली. त्यांनी खिडकीतून हात घालून बोटाने पाहिलं. खरखरीत लागलं.

"आतपर्यंत?"

"आतपर्यंत."

नाकात काळोख होता. त्यांनी लांब काठीच्या ब्रशने तिथली पट्टी बसवली, हार्डनर थंडीच्या हिशेबाने किंचित जास्त घातलं. मग आम्ही हात धुऊन वणीची एसटी पकडली. स्थळ पसंत पडलं. मी एकदाही खाजवलं नाही.

बोट धरणावर नेली त्या दिवशी काठावर गावातली माणसं जमली. एक म्हातारा दाजींना म्हणाला, "काय हो, बसायला शीट नाय दिली? का पैसं संपलं?" सगळे हसले. दाजीही हसले, पण त्यांची नजर नाकाच्या सांध्यावर होती. माझीही.

मुंबईचा तो माणूस गुडघ्यावर बसला, मग उभा राहिला. बोट जुनीपेक्षा हलकी होती, ते लांबूनही कळत होतं. दाजींनी माझा दंड धरला. "बघ, बघ कशी उठली!" मला बघवत नव्हतं. त्याने वळण घेतलं. त्याच्याच लाटेवर बोट उडाली आणि नाकावर आपटली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तड असा आवाज काठापर्यंत आला. बोटीने तोंड उघडलं. ती पाणी प्यायला लागली आणि माणूस दांड्यावर हनुवटी आपटून बाजूला फेकला गेला. त्याच्या अंगात जाकीट होतं म्हणून तो तरंगला. मासेवाल्यांनी त्याला होडीत घेतलं आणि बोट दोराने ओढून आणली. हनुवटीतून रक्त गळत असतानाच तो ओरडला, "मिक्सिंग कच्चं आहे तुमचं! माणूस मारला असतात!"

 दाजी त्याला घेऊन डॉक्टरकडे गेले. मला म्हणाले, "बोट शेडवर ने. मी येऊन बघतो काय झालं ते."

शेडमध्ये मी उघडलेलं नाक पाहिलं. पट्टी पाण्यात गेली होती आणि तिच्याखालचा भाग चमकत होता. तोंड बघावं इतका. दाजींनी एकदा पाहिलं असतं तरी कळलं असतं.

मी पॉलिश पेपर घेतला आणि जे काम आधी करायचं होतं ते तेव्हा केलं. रस्त्यावर प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजाला हात थांबायचा. चमक गेली. मी बादलीने भुकटी धुतली, फडक्याने पुसलं, पेपर भंगारात खुपसला. तेवढ्यात दाजी आले.

त्यांनी नाकात बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. माझ्या मानेला आग लागली होती. मी हात पाठीमागे धरून उभा होतो, कारण खाजवलं असतं तर त्यांना समजलं असतं.

"घासलेलं तर बरोबर हाय," ते म्हणाले.

मी हात मागेच ठेवले.

"मग माझंच. गारठा मापला नाय मी नीट." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही.

बोटीचं दुसरं काम आलं नाही. पण ते आलं असतं तरी दाजींनी केलं नसतं. त्यानंतर ते हार्डनर काचेच्या सिरिंजने मोजून घालायचे, आणि मोजूनही मला विचारायचे, "बघ रे, बरोबर हाय ना?" मी म्हणायचो, "बरोबर आहे, दाजी." प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, इतके दिवस का नाही सांगितलंस, असं विचारतील. शेजारच्या शेडवाल्यांनी विचारलं की ते म्हणायचे, "मला नका विचारू. माझा हात गेला."

पुढच्या थंडीच्या आत ते पुन्हा कारखान्यात लागले, नवख्यासारखे, रात्रपाळीला. शेड मी चालवली. टाक्या केल्या, दरवाजे केले, संसार उभा राहिला. बोट पुन्हा केली नाही.

दाजी आता रिटायर आहेत, इंदिरानगरला राहतात. मागच्या वर्षी माझ्या मुलाला ते बोटीची गोष्ट सांगत होते. "लय भारी बोट होती," म्हणाले, "माझ्या एका चुकीनं बुडाली." मी तिथेच बसलो होतो. चहा पीत होतो.

त्या सकाळी तुमचं माप बरोबर होतं, दाजी, नाकातला सांधा मी घासलाच नव्हता, आणि नंतर तो तुमच्यापासून लपवायला घासला. एवढं त्यांच्यासमोर बसून, ताईच्या आणि माझ्या मुलाच्या देखत, मला सांगायचं आहे. ते देणं अजून माझ्याकडे बाकी आहे.