बाळंतिणीला पाणी बाधतं

आमच्या सासरी ‘बाधतं’ हा शब्द फक्त बायकांच्या ताटाभोवती फिरायचा. केळं बाधतं, ताक बाधतं, शेंगदाणे बाधतात. पुरुषांना मात्र काहीच बाधत नसे. मोठी दणकट जात!

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझं दुसरं बाळंतपण कवठे महांकाळजवळच्या या घरात झालं. विहिरीला पुन्हा पाणी आलं होतं, पण मला दिवसाकाठी वाटीभर कोमट पाणी मिळायचं. जास्त प्यायलं तर पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होते, असं सासूबाईंचं म्हणणं. माझ्या घशाला कोरड पडायची. बाळ ओढून ओढून दमायचं आणि रडायचं, दूध काही पुरायचं नाही.

त्याच आठवड्यात गोठ्यातली म्हैस व्याली. सासूबाई तिला गूळ घालून शिजवलेली बाजरी चारायच्या आणि बादलीमागून बादली पाणी पाजायच्या. खाटेवरून मला सगळं दिसायचं. एका दुपारी मी उठले आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

“आवं आत्याबाई, म्हशीला पाणी बाधत न्हाई व्हय?”

“काय बोलतीस गं! पाणी न्हाई पाजलं तर दूध आटंल की तिचं!”

“आन माजं?”

सासूबाईंनी बादली म्हशीपुढे ठेवली. मी उत्तराची वाट पाहिली नाही. ओसरीवरचा भरलेला तांब्या उचलला आणि तोंडाला लावला.

तिकडे म्हैस पीत होती, इकडे मी. दोघींनीही कुणाला विचारलं नाही.