चुन्याची डबी

जेवण करून तुळशीराम सानप बाजेवर आडवा होतो. गालात तंबाखू, मुठीत चुन्याची डबी. डबी मूळची सरकारी दवाखान्याची. नर्सबाईनं गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना वाटली होती. शौचाचा नमुना द्या, आतड्याचा कॅन्सर असला तर लवकर कळेल, असं घसा कोरडा करून सांगितलं होतं. म्हाताऱ्यांनी कुणी हिंग भरला, कुणी खिळे. नमुना एकानंही दिला नाही. तुळशीरामला तर शौचातून रक्त पडतंय, तरी तो हसला होता. एसटीचा डायवर तो. तापल्या इंजिनाशेजारी बसून जन्म गेला, मूळव्याध असायचीच.

डोळा लागतो न लागतो तोच बाज थरथरायला लागते. हातात स्टेअरिंग येतं. मागून डबल बेल वाजते.

"चल डायवर, सोड गाडी."

उस्मान तांबोळी. त्याचा कंडक्टर, जन्माचा जोडीदार, मागच्या उन्हाळ्यात दफन केलेला. खाकी शर्ट तोच, आतला माणूस निम्मा. गाडीत डेपोतले मेलेले म्हातारे दाटीवाटीनं बसलेत, आणि सीटांच्या जागी संडासची भांडी आहेत.

"मास्तर, तुलाही मूळव्याधच होती ना?" तुळशीराम चाचरत विचारतो.

"मी जन्मभर उभा होतो रे भाड्या. मला कुठल्या सीटची मूळव्याध?"

तुळशीराम करकचून ब्रेक दाबतो. पाय गादीत रुततो. गाडी नाहीच, दवाखान्याचा वॉर्ड आहे. उस्मान शर्ट वर करतो. पोटाला शौचाची पिशवी चिकटवलेली, गच्च भरलेली. शेजारी त्याची सून नाकाला ओढणी लावून उभी.

"शेंगदाण्याएवढा नमुना द्यायची लाज वाटली मला," उस्मान म्हणतो. "मग हिनं रोज पिशवीभर उपसलं. मला लाजही वाटायची राहिली नाही."

सून मान वर करत नाही. तुळशीराम हळूच विचारतो, मला उशीर झालाय का?

"मेलेल्याला काय विचारतोस?" उस्मान त्याच्या मुठीतली डबी ओढून घेतो आणि नखानं चुना खरवडायला लागतो. खरवडता खरवडता हसतो. मग सिंगल बेल.

तुळशीराम उठून बसतो. अंगणात रणरणतं ऊन. मुठीत डबी, रिकामी, तळापर्यंत खरवडलेली. बाजेखाली चुन्याचा गोळा पडलाय. तो आपली नखं बघतो. पांढरा कणसुद्धा नाही.

बायको, शेवंता, दारातून विचारते, चुना सांडला का, दुसरा भरून देऊ का?

"राहू दे," तो म्हणतो. "टमरेल दे."