मास्तरांनी लावलेल्या जोड्या

मास्तरांकडे घोडेस्वारी शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी घोड्यावर बसायला मिळत नसे. चकचकीत उंच बूट घालून आलेली मंडळी त्यामुळे हिरमुसून जात. मास्तर त्यांच्या हातात नुसता एक दोर देत. दोराच्या दुसऱ्या टोकाला घोडा. "मैदानाला एक चक्कर मारून आणा त्याला," एवढं सांगायचं आणि स्वतः कठड्याला रेलून उभं राहायचं, ही त्यांची पद्धत.

चक्कर संपेपर्यंत त्यांचं ठरलेलं असे. ज्याचा दोर सारखा ताणलेला, जो घोड्याला ओढत पुढेपुढे पळतो, त्याला उड्यांची स्वारी. चक्कर संपल्याचं ज्याच्या लक्षातच येत नाही, घोड्याशी गप्पा मारत जो दुसरी सुरू करतो, तो लांब पल्ल्याचा. आणि ज्याचा दोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सैल, घोडा आपणहून ज्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो, तो चालीच्या स्वारीचा. या स्वारीत पळापळ नाही की उड्या नाहीत. आखलेल्या मैदानात घोड्याने तालात पावलं टाकायची आणि स्वाराने त्याला काय सांगितलं ते बघणाऱ्याला कळताही कामा नये. असा माणूस क्वचित सापडतो, असं मास्तर म्हणत.

घोड्यांचंही त्यांनी असंच ठरवून टाकलेलं असे. उडीचा घोडा उंच हवा, मागचा भाग भक्कम हवा आणि डोक्यात थोडा माज हवा. लांबच्या रपेटीला सडपातळ, हलक्या हाडाचा घोडा. दिसायला काटकुळा, पण संध्याकाळी घरी येताना तोच ताजातवाना. चालीच्या घोड्याची पाठ लवचीक असावी, आणि अंगावर माशी बसली तरी कळावं इतकी कातडी जागी असावी. आणि नवशिक्यांना? नवशिक्यांना कान मोठे आणि डोकं थंड असलेला कुठलाही चालतो. मास्तरांच्या तबेल्यात त्यासाठी 'शहाजोग' नावाचा एक जाडा घोडा होता. पाठीवर बसणाऱ्याने कितीही टाचा मारल्या तरी त्याला आधी सगळा विचार करायचा असे.

एकदा एक वकीलसाहेब तणतणत आले. "मास्तर, मला हा ठोकळा का दिलात? मी पैसे भरलेत."

"साहेब, तुम्ही दिवसभर जगाला घाई करता," मास्तर म्हणाले. "हा तुमची घाई ऐकणार नाही. सहा महिने काढा याच्याबरोबर."

वकीलसाहेबांनी सहा वर्षं काढली. पुढे त्यांच्या बायकोने मास्तरांच्या घरी मिठाईचा डबा पाठवला, तेव्हा मास्तरीणबाई डबा उघडत म्हणाल्या होत्या, "दुसऱ्यांच्या जोड्या बऱ्या लावता येतात तुम्हाला. आपली लावायची होती तेव्हा माझ्या वडिलांनी लक्ष घातलं, म्हणून निभावलं."

मास्तर हसले होते. आपल्या नजरेचा त्यांना खरोखरच अभिमान होता.

फक्त एका माणसाच्या हातात त्यांनी तो दोर कधी दिला नाही. ती त्यांची लेक.

तिला कशाला लागतो दोर? ती तर तबेल्यातच रांगली. मास्तर स्वतः तरुणपणी उड्यांचे स्वार. गुडघा गेला आणि त्यांच्या उड्या थांबल्या, त्याच सुमाराला मुलगी झाली. ती पाळण्यात असतानाच ही उड्या मारणार हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं. पुढे तिच्यासाठी 'उनाड' घेतला. तांबडा, उंचापुरा, समोर भिंत आली तरी न थांबणारा. तिचे पाय रिकिबीपर्यंत नीट पोचतही नव्हते, तेव्हा घेतला.

लेकीचं मन मात्र तबेल्यातल्या शेवटच्या कप्प्यात असे. तिथे 'हळवी' होती. बदामी रंगाची, बुटकीशी घोडी. स्वाराने नुसता श्वास रोखला तरी थांबणारी. उड्यांचा सराव संपला की लेक हळवीला घेऊन मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात जायची आणि तिथे दोघींचं काहीतरी संथपणे चाले. कधी गोल, कधी तिरकी पावलं, कधी जागच्या जागी एक वळण. मास्तर लांबून हाक मारत, "झालं का नाचकाम? चल, उनाडला खरारा करायचाय!"

"आले बाबा," म्हणायची. आणि यायची.

एक दिवस दूरच्या गावची एक डॉक्टरीणबाई सकाळच्या फेरफटक्यासाठी शांत घोडी शोधत आली आणि मास्तरांनी हळवी देऊन टाकली. घोडी नुसतीच बसून खाते, असं त्यांनी घरात सांगितलं. खरं कारण हे, की हळवी गेली म्हणजे लेकीचं लक्ष एका जागी राहील. लेक रडली नाही. दुसऱ्या दिवशी टोपीचा पट्टा हनुवटीखाली आवळून तिने उनाडवरून सगळे अडथळे पार केले. रात्री मास्तर बायकोला म्हणाले, "बघ, हाडाची स्वार आहे." बाईंनी नुसती कूस बदलली.

त्यानंतर तिने बक्षिसं आणली. चांगली पुष्कळ आणली. उनाड दांड्याला खूर लागू देत नसे. मास्तर दर वेळी अडथळ्याच्या बाजूला, गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे असत. मागचे पाय किती उचलले, टाप कुठे पडली, लेकीची टाच खाली आहे की नाही, हे सगळं टिपायला त्यांची तीच जागा. घरी जेवताना त्या पायांचीच चर्चा.

आणि मग एका मोठ्या स्पर्धेच्या दिवशी, नाव पुकारल्यावर, लेक उनाडवरून खाली उतरली. खोगिराचा तंग सैल केला, लगाम मास्तरांच्या हातात दिला. "याला पाणी पाजा," म्हणाली आणि फाटकाबाहेर निघून गेली. पुन्हा म्हणून खोगिरावर बसली नाही. लोकांनी विचारलं की मास्तर सांगत, कॉलेजचा अभ्यास वाढलाय. पुढे सांगत, लग्न झालंय, वेळ कुठला. त्यांना स्वतःला मात्र कारण कधी कळलं नव्हतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. लेक फोन करायची, औषधं घेतलीत का विचारायची, घोड्यांचा विषय निघाला की आईला फोन द्यायला सांगायची.

यंदा मास्तरांचा दुसरा गुडघाही गेला. घोडेस्वारीची शाळा त्यांच्याच एका जुन्या शिष्याने चालवायला घ्यायची ठरली. मास्तरांना एकच गोष्ट राहून गेल्यासारखी वाटत होती. तबेल्याच्या किल्ल्या हातातून जाण्याआधी, एकदा, लेकीला घोड्यावर बसलेली बघायची. मास्तरीणबाईंना त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"मागू नका तिच्याकडे," बाई म्हणाल्या. "आपसूक बसली तर बसली."

सुट्टीत लेक आली. बरोबर नात. नातीने येताना गाडीतच जाहीर करून टाकलं होतं की ती घोडा शिकणार आणि तोही आजच.

शाळेच्या ऑफिसात तिघं चहाला बसले. नात दूध संपवायच्या ऐवजी भिंतीवरचे फोटो बघत फिरत होती. मास्तरांच्या खुर्चीमागे सगळ्यात मोठा फोटो होता. उनाड अडथळ्यावर, अगदी समोरून टिपलेला. नाकपुड्या फुललेल्या, पुढचे पाय पोटाशी घेतलेले. आणि त्याच्या मानेवर झुकलेली लेक.

"आई, तू डोळे का मिटलेत?"

"अगं, तो फोटोवाल्याचा घोळ," मास्तर लगेच म्हणाले. "बरोबर पापणी लवायला आणि त्याने बटण दाबायला गाठ पडली. मी चांगला झापला होता त्याला. एवढी सुंदर उडी, आणि वाया घालवली."

लेक कपात चमचा फिरवत होती. "पापणी लवली नव्हती," ती म्हणाली. "मी प्रत्येक उडीला मिटायचे."

मास्तर हसायला लागले, मग थांबले. "प्रत्येक?"

"प्रत्येक. दांडा दिसला की मिटायचे, जमिनीवर टापा वाजल्या की उघडायचे. उनाड शहाणा होता हो. त्याला मी लागतच नव्हते. पिशवीसारखी घेऊन जायचा मला पलीकडे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की एकदा. तबेल्याच्या पायरीवर. तुम्ही त्याच्या मागच्या पायाला पट्टी गुंडाळत होतात." लेकीच्या आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "म्हणालात, टाच खाली ठेव, भीती जाईल."

मास्तरांना ते आठवेना. पट्टी आठवली. ती निळी होती आणि उनाडची नळी सुजली होती, तेही आठवलं. शेजारी कोण उभं होतं ते आठवलं नाही.

त्यांनी खुर्ची वळवून फोटोकडे पाहिलं. रोज त्याच्याकडे पाठ करून बसत आले होते. कधी नजर गेलीच, तर ती उनाडच्या खुरांवर. पुढचे खूर किती सारखे दुमडलेत, हे त्यांनी किती जणांना बोट ठेवून दाखवलं होतं! बोटाच्या वर वीतभर अंतरावर ते पोरीचं तोंड होतं. ओठ दाबून धरलेले, कपाळाला आठी. झोपेत वाईट स्वप्न पडलेल्या मुलाचं असावं तसं.

"आजोबा, चला ना!" नात दारात उड्या मारत होती. "कुठला घोडा माझा?"

"मी आणते वाटाण्याला," लेक म्हणाली आणि कप ठेवून उठली.

वाटाणा म्हणजे शाळेतलं छोटं तट्टू. हट्टी, पोटभरू. तबेल्यातून मैदानापर्यंत त्याला आणायचं म्हणजे मधल्या गवताच्या पट्ट्यावर हमखास रस्सीखेच. मास्तर काठी टेकत कठड्यापाशी आले, तर लेक वाटाण्याला घेऊन येत होती. दोर तिच्या बोटांत नुसता लोंबत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, काही बोलत नव्हती. गवताचा पट्टा आला, तिने खांदा जरासा वळवला आणि वाटाणा गवताला तोंड न लावता तिच्या कोपराशी नाक नेऊन चालत राहिला. ती थांबली, तो थांबला. ती निघाली, तो निघाला.

आयुष्यभर ते ज्या चालीची वाट बघत कठड्याला रेलून उभे राहिले होते, ती ही. पलीकडच्या कोपऱ्यात ती रोज त्यांच्या डोळ्यांसमोर चालली होती आणि ते तिला हाक मारून परत बोलावत होते.

लेक जवळ आली. मास्तरांनी स्वतःला बजावलं होतं, मागायचं नाही. पण तोंडातून गेलंच. "बसतेस का थोडी? शहाजोगचा मुलगा आहे आत. बापासारखाच थंड."

"नको बाबा."

"नुसतं चालवायचं. दांडा नाही, काही नाही."

"नको." तिने वाटाण्याच्या कपाळावरची झुलपं बाजूला केली. "सवय गेली हो. मनही उडालं."

"हळवी असती तर?"

हे नाव त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा निघालं होतं.

"हळवी असती तर बसले असते," लेक म्हणाली. "कुठे गेली शेवटी, कळलं का कधी?"

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी चौकशीच केली नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या गावाचं नावसुद्धा आता त्यांना खात्रीने सांगता आलं नसतं.

"असो," लेक म्हणाली, आणि दोर नातीच्या हातात दिला. "जा. मैदानाला एक चक्कर. आजोबांचा नियम आहे."

नात निघाली ती पळतच. दोर ताठ, वाटाणा मागे फुरफुरतोय, ही पुढे त्याला दटावतेय, "चल रे ढोल्या, चल!" बघायची गरजच नव्हती इतकं स्पष्ट होतं. एरवी मास्तरांनी तिथल्या तिथे मांडी थोपटली असती. शेवटी घरात उडीवाली आली! पण त्यांना आनंद करता येईना. ते लेकीकडे बघत राहिले.

"तिला उड्याच येणार," लेक म्हणाली. "घरीही सोफ्यावरून उतरत नाही, उडी मारते. नव्या सरांना सांगा, शिकवा म्हणावं. माझी हरकत नाही. फक्त तुम्ही बघायला याल ना, तेव्हा बाजूला उभे राहू नका."

मैदानाच्या अलीकडच्या टोकाला दोन विटांवर ठेवलेला एक दांडा होता. चक्कर संपवत नात त्याच दिशेने वळली. मास्तर काठी टेकत, जमेल तितक्या घाईने मैदानात शिरले आणि दांड्याच्या पलीकडे, अगदी समोर जाऊन उभे राहिले. नात धावत आली, दांड्यावरून तिने स्वतःच उडी घेतली, आणि मागोमाग वाटाण्याने नाइलाजाने पाय उचलले. खाडकन आवाज झाला. दांडा पडला असावा. पुढच्या पायाने की मागच्या, ते मास्तरांना दिसलं नाही.

"पाहिलंत का आजोबा? पाहिलंत का?"

"पाहिलं," मास्तर म्हणाले. लेक कठड्यापाशी उभी राहून इकडेच बघत होती. तिला ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला. "उघडे होते गं. डोळे उघडे होते हिचे."

लेकीने मान डोलावली आणि पडलेला दांडा उचलून विटांवर ठेवायला पुढे आली.